कोरियन पार्टी हो म्हणंना, नाही म्हणंना. हा कन्फ्यूशियस काय प्रकार आहे?

शिरोलीकर: शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. कोरियन गाडी कंपनीला माल पुरवणाऱ्या एका कोरियन फर्मची माणसं येऊन गेली. शॉप फिरून बघितलं, गेजेसचे (मापं तपासायच्या साधनांचे) फोटो काढले, चहा घेतला, गेली. दराबद्दल एक शब्द नाही. त्यांच्यातला तरुण इंजिनिअर एरवी भरपूर बोलतो, पण मोठे साहेब शेजारी आले की तोंडाला कुलूप. आमचा मुलगा एमबीए करतोय. तो म्हणतो, "पप्पा, हा कन्फ्यूशियसचा, त्या जुन्या चिनी तत्त्वज्ञाचा प्रभाव." असेल. पण आता मी फोन कुणाला करू, त्या इंजिनिअर पोराला का साहेबाला?

जुना_क्वालिटीवाला: पोरालाच करा. साहेबाला थेट गाठलंत तर पोराची पंचाईत होईल, आणि तुमचा कागद वर नेणारा तोच आहे. मी चेन्नईकडं एका कोरियन कंपनीत क्वालिटीला होतो. तिथं प्रस्ताव खालचा माणूस लिहितो, मग तो पायरी-पायरीनं सह्या घेत वर चढतो: देरी, ग्वाजांग, छाजांग, बुजांग, त्यावर डायरेक्टर. सह्या व्हायच्या आधी मीटिंगमध्ये साहेबासमोर मत देणं म्हणजे त्यांच्यात आगाऊपणा. वरिष्ठाला नावानं हाक मारायची नाही, हुद्द्यापुढं 'निम' लावायचं, आपल्या 'साहेब'सारखं.

आता कन्फ्यूशियस. कोरियात चोसन राजवट १३९२ ते १९१० चालली आणि तिनं त्याचीच शिकवण राज्यकारभाराचा पाया मानली. राजा-सेवक, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा, मित्र-मित्र अशी पाच नाती. शेवटचं सोडलं तर प्रत्येकात एक वर, एक खाली. ते ऑफिसात उतरलंय, नाही म्हणत नाही. पण त्याच व्यवस्थेत व्यापारी सगळ्यात खाली, विद्वान, शेतकरी आणि कारागीर यांच्याही नंतर! मग एवढाले उद्योगसमूह उभे राहिले कसे?

मला विचाराल तर यात पलटणीचा हात मोठा. तिथं धडधाकट पुरुषाला लष्करी सेवा सक्तीची, त्यामुळं बहुतेक पोरं हुकूम पाळायला शिकूनच नोकरीला लागतात. आणि १९६१ साली लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांनी बँका सरकारच्या मुठीत घेतल्या. निर्यात करून दाखवेल त्याला स्वस्त कर्ज. वरून आकडा यायचा आणि खालच्यांनी तो गाठायचा. ह्यात कन्फ्यूशियस कमी, जनरल जास्त.

रंकाळा_कट्टा: काका, घराणेशाहीचं काय मग? एलजीत कू घराण्याची गादी थोरल्या मुलाकडंच जाते. अध्यक्ष कू बोन-मू यांचा एकुलता मुलगा वारला, तेव्हा त्यांनी २००४ साली सख्ख्या भावाचा मुलगा दत्तक घेतला. तोच कू क्वांग-मो २०१८ साली अध्यक्ष झाला. आपल्याला ह्यात नवल नाही म्हणा. १८८४ साली कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. पण ते संस्थान होतं, हा टीव्ही-फ्रीजचा कारखाना!

जुना_क्वालिटीवाला: एलजीचं खरं. पण सॅमसंगच्या संस्थापकांनी दोन थोरले बाजूला ठेवून तिसऱ्या मुलाला, ली कुन-ही यांना पुढं आणलं. ह्युंदाईत तर २००० साली म्हातारे संस्थापक हयात असताना भावाभावांत जुंपली, पेपरवाल्यांनी तिला 'राजपुत्रांचं बंड' नाव दिलं. मालकी हातची जाऊ नये ही धडपड असते. शिकवण सोयीनं आठवते.

एचआरवाली_ताई: थोडं आजचंही बोला. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सनं २०१७ साली सात पायऱ्यांच्या चार केल्या आणि सगळ्यांना नुसतं नाव आणि 'निम' लावायला सांगितलं. २०१८ पासून मोठ्या कंपन्यांत आठवड्याला ५२ तासांची मर्यादा आली, ४० आणि वर १२ ओव्हरटाइम. २०१९ पासून कामाच्या ठिकाणी छळ करण्याविरुद्ध कायदा आहे. साहेबाच्या ग्लासात दारू ओतत रात्री उशिरापर्यंत बसायला आता तरुण पोरं सरळ नकार देतात.

शिरोलीकर: ताई, आमच्याकडं आलेल्यांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही 😄 असो. पोराला फोन केला. म्हणाला कागद छाजांगकडं आहे. दर अजून विचारला नाही, पण फिक्श्चरचा (जॉब पकडून ठेवायच्या साच्याचा) खर्च कोण करणार ते विचारलं. हे चांगलं का वाईट?

जुना_क्वालिटीवाला: चांगलं. पीपॅपची (पार्ट मंजुरीच्या कागदपत्रांची) फाईल तयार ठेवा, आणि फिक्श्चरचं उत्तर तोंडी देऊ नका. मेल करा, म्हणजे त्याला वर जोडता येईल.