भाड्याच्या घरातील फायरप्लेस: धुराडे साफ करण्याची जबाबदारी कोणाची?

थेम्सकाठ:
लंडनमधील एका व्हिक्टोरियन घराचे भाग करून केलेल्या फ्लॅटमध्ये आम्ही भाड्याने राहतो. दिवाणखान्यात फायरप्लेस आहे आणि आमचा भाग धूरनियंत्रण क्षेत्रात येत असल्याने तिच्यात आम्ही धूररहित कोळसाच जाळतो. हिवाळ्यापूर्वी धुराडे साफ करून द्यावे अशी विनंती केली, तेव्हा ते काम भाडेकरूचे असल्याचे घरमालकांनी कळवले. मला हे मान्य नाही. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ नुसार, सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात घराचा सांगाडा, बाह्यभाग आणि घर उबदार ठेवण्याची साधने दुरुस्त राखणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. छपरापर्यंत जाणारे विटांचे धुराडे या सांगाड्याचाच भाग आहे. ते तुंबलेले असेल, तर फायरप्लेस दुरुस्त आहे असे कसे म्हणायचे?

जुनेघर:
मी स्वतः एक फ्लॅट भाड्याने देतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. कलम ११ दुरुस्तीविषयी आहे, सफाईविषयी नाही. वॉरन विरुद्ध कीन या १९५३ च्या खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी भाडेकरूने घर कसे वापरावे हे सांगताना काही कामे मोजून दाखवली. त्यांत तुंबलेले सिंक मोकळे करणे, खिडक्या पुसणे यांबरोबरच गरजेप्रमाणे धुराडे साफ करणेही स्पष्टपणे आहे. काजळी वापरातून साचते आणि वापर भाडेकरू करतो. विटा निखळल्या, वरचे टोपण पडले किंवा धुराड्याला तडा गेला, तर खर्च माझा. त्याबद्दल माझा वाद नाही.

थेम्सकाठ:
त्या निकालात अभिप्रेत आहेत ती समंजस भाडेकरूने सहज करावीत अशी किरकोळ कामे, आणि त्या काळी घरोघरी कोळसाच जळत असे. आज हे काम प्रशिक्षित माणूस करतो, धूर वर नीट ओढला जातो की नाही हे तपासतो आणि प्रमाणपत्र देतो. शिवाय आमच्या आधीच्या भाडेकरूंची काजळी आम्ही का काढावी? निदान घर ताब्यात देताना तरी धुराडे स्वच्छ असले पाहिजे, एवढे तुम्हीही मान्य कराल.

जुनेघर:
ते मान्य आहे. पहिली सफाई माझी, पुढची वापरणाऱ्याची.

उष्णमापक:
अशा उपकरणांची तपासणी हाच माझा व्यवसाय असल्याने थोडे सविस्तर लिहितो. फायरप्लेस गॅसची असती, तर हा वादच उरला नसता, कारण १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार घरमालकाने उपकरण आणि त्याचे धुराडे दर बारा महिन्यांनी तपासून घेणे बंधनकारक आहे. कोळसा आणि लाकडासाठी असा थेट नियम नाही. मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून, राहण्याच्या ज्या खोलीत इंधन जाळणारे पक्के बसवलेले उपकरण आहे, तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणे घरमालकाला सक्तीचे आहे. यातून फक्त स्वयंपाकाची गॅसची शेगडी वगळली आहे.

खरा धोका मात्र तुमच्या खोलीपुरता नाही. विभागलेल्या घरात खालच्या फायरप्लेसचे धुराडे वरच्या कुटुंबाच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीतून जाते. शंभर वर्षांपूर्वीचा चुना झिजला, सांधे उघडे पडले की रंग आणि वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू तिथे शिरतो, आणि ज्यांनी निखारा पाहिलाही नाही त्यांच्या जिवावर बेतते. ब्रश फिरवून काजळी निघते, पण अशी गळती सापडत नाही. त्यासाठी धूर सोडून चाचणी करावी लागते, आणि ती वरच्या घरातही जाऊन पाहावी लागते. भाडेकरूला तो अधिकार नाही. म्हणून सफाई कोणीही करो, ही चाचणी घरमालकानेच करून घेतली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जुनेघर:
असे असेल, तर फायरप्लेस बंद करणेच शहाणपणाचे. मी माझी बंद केली, ओल धरू नये म्हणून हवेसाठी जाळी ठेवली आणि ती केवळ शोभेची असल्याचे करारात लिहिले. प्रत्येक फायरप्लेस पेटती ठेवण्याचे बंधन माझ्यावर नाही.

थेम्सकाठ:
करार होण्याआधी बंद केली, तर माझी हरकत नाही. आमच्या घराच्या जाहिरातीत मात्र पेटलेल्या फायरप्लेसचा फोटो सर्वांत वर होता आणि भाडे ते पाहूनच ठरले. आता ती बंद करायची, तर भाडे कमी करण्यावर बोलले पाहिजे. शिवाय २०१९ च्या टेनंट फीज कायद्यानुसार भाडेकरूला त्रयस्थाशी सेवेचा करार करण्याची सक्ती करता येत नाही, त्यामुळे ठरावीक माणसाकडूनच सफाई करून घ्या, असेही आम्हाला सांगता येणार नाही. धूरचाचणीची मागणी आज लेखी पाठवत आहे. तिचा निकाल येईपर्यंत आम्ही कोळसा पेटवणार नाही, आणि वरच्या कुटुंबालाही हे कळवले आहे.

जुनेघर:
चाचणीची मागणी रास्त आहे. सफाईच्या खर्चाबद्दल माझे मत कायम आहे.