शरीररचना, यंत्ररूप आणि अमूर्तता: माझ्या आकृत्या रोबोच का दिसतात?

प्रश्न (कोळसा-कागद)
मी कोळशाची रेखाटने, कोलाज आणि टाकाऊ धातूची शिल्पे अशा तीन माध्यमांत काम करते. मानवी शरीररचना आणि यंत्राचे भाग एकत्र आणून त्यातून अमूर्त रूपाकडे जावे, असा माझा प्रयत्न आहे. परंतु दंडाच्या जागी पिस्टन आणि कोपराच्या जागी बिजागरी बसवली, की पाहणाऱ्याला रोबो दिसतो आणि त्याचे पाहणे तिथेच थांबते. ही रूपे एकमेकांत मुरावीत यासाठी सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद (हाडवैरी)
आपण एक अवयव काढून त्या जागी एक सुटा भाग बसवता. अडचण त्या बदलीतच असावी. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही, आणि म्हणूनच कोपर वाकवणारे स्नायू दंडाच्या पुढच्या बाजूला, तर ते सरळ करणारा मागच्या बाजूला असतो. पिस्टन ढकलू शकतो, त्यामुळे तो दंडात बसवला की मागच्या स्नायूला काही कामच उरत नाही, आणि कारण सांगता आले नाही तरी डोळ्याला ते खटकते. लिओनार्दो दा विंची यांनी १५१०च्या सुमारास काढलेल्या शरीररचनेच्या रेखाटनांत काही ठिकाणी स्नायूंऐवजी नुसते दोर दाखवलेले आहेत. मांस नाहीसे होऊन केवळ ताणाची दिशा उरते. ती आकृती एकाच वेळी शरीर, यंत्र आणि अमूर्त रेषा वाटते. आपण खांद्यापासून सुरुवात करावी. खांद्याचे पाते धडाशी सांध्याने जोडलेले असते ते फक्त गळपट्टीच्या हाडामार्फत, बाकी ते स्नायूंच्या आधाराने बरगड्यांवर सरकते. त्याला बिजागरी लावताच येत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य.

प्रतिसाद (तिरपी रेघ)
वरील मुद्दा रेखाटनापुरता मान्य आहे, पण शारीरिक अचूकता ही अट मला पटत नाही. फेर्नां लेजे यांच्या १९१७ सालच्या पत्ते खेळणाऱ्या सैनिकांच्या चित्रात हातपाय सरळसरळ नळकांडी आहेत आणि स्नायूंचा पत्ता नाही. तरीही ते चित्र टिकते, कारण माणूस आणि वस्तू यांना तिथे एकच घडण दिलेली आहे. आपल्या कामात बहुधा शरीर छायेने आणि यंत्र काटेकोर कडांनी येत असेल. तसे असेल तर सांधा कितीही अचूक असला तरी जोड दिसणारच.

शिल्पापुरते सांगायचे तर जेकब एपस्टाईन यांचे ‘रॉक ड्रिल’ पाहावे. १९१५ साली ते प्रदर्शित झाले तेव्हा प्लास्टरची आकृती खऱ्याखुऱ्या ड्रिल यंत्रावर बसवलेली होती आणि तिच्या पोटात एक भ्रूण होते. पुढे त्यांनी यंत्र काढून टाकले, आकृतीचे पाय आणि हातांचे भाग छाटले व उरलेले धड धातूत ओतले. यंत्र गेल्यावर ती आकृती अधिक यांत्रिक भासते आणि तरीही असहाय दिसते, असे माझे मत.

कोळसा-कागद
कडांबद्दलचा अंदाज अगदी बरोबर आहे. यंत्राचे भाग मी पट्टीने आखते. आता खांदा दोरांनी रेखाटेन आणि पट्टी बाजूला ठेवेन. तयार असलेल्या एका शिल्पातला पिस्टनही काढून पाहणार आहे, मात्र तो वितळजोडाने (वेल्डिंगने) बसवलेला असल्याने दंड शाबूत राहील याची खात्री नाही.

तिरपी रेघ
दंड तुटला तर लगेच दुरुस्त करू नये. आधी तसाच काही दिवस समोर ठेवावा.