मदत हवी आहे: फक्त केस बघायच्या की एकत्र येऊन नियमावरच बोलायचं?

नमस्कार मंडळी, मी सोशल वर्कर आहे. एका आजींची मदतीची फाईल तिसऱ्यांदा परत आली, कारण तेच, एक कागद कमी, आणि माझ्या टेबलावर अशाच अजून अकरा फायली पडल्यात, म्हणजे चूक माणसांची नाही नियमाचीच आहे ना! साहेब म्हणतात तुम्ही केस बघा, आंदोलन आपलं काम नाही. अहो पण सोशल वर्कच्या २०१४ च्या जागतिक व्याख्येतच सामाजिक न्याय हे मूळ तत्त्व म्हणून लिहिलंय. ऑफिसमधले तिघं सोबत यायला तयार आहेत पण नोकरीची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. कुणी असा गट बांधलाय का? सुरुवात कशी केली, आणि नावं उघड न करता आजींसारख्या अर्जदारांचंच म्हणणं पुढे कसं ठेवलं? प्लीज सांगा.