लॉबीतल्या टाकीतली झाडं सडली (सोसायटी ग्रुप, जळगाव)

चौधरी काकू, बी-२०४: आत्ताच लॉबीतून आले. माशांच्या टाकीचं झाकण उघडलं तर गटारीसारखा वास. त्या रुंद पानांच्या झाडाची पानं काचेसारखी आरपार दिसताहेत, बोट लावलं तर शेंबडासारखी हाताला आली. आखाजीला टाकी भरली, अजून पंधरवडा झाला नाही. कोणी बघतं का तिकडे?

भिरूड साहेब, ए-३०१: झाडांचे १,८५० रुपये गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून गेले. बिल ग्रुपवर टाका.

सेक्रेटरी: साहेब, बिल फाइलला आहे. आधी झाडांचं बघू. माळ्याला बोलावलंय.

पाटील भाऊ, बी-१०१: माळी काय करणार भो? मी तवाच बोललो होतो, पिशवीतून काढून थेट लावू नका. टिश्यूची केळी लॅबमधून आली की लगेच वावरात लावतो का आपण? हार्डनिंग लागते. आधी ग्रीनहाऊस, मग शेडनेट, मग वावर. हे सांगितलं तेव्हा सगळे हसले.

वाणी, ए-४०३: तेव्हा तुम्ही पाऊण तास केळीवर बोलला होतात भाऊ, म्हणून.

महाजन सर, ए-१०२: पाटील भाऊंचं म्हणणं बरोबर, फक्त इथे गोष्ट उलटी आहे. हे झाड क्रिप्टोकोरीन. नर्सरीत बहुतेक वेळा मुळं ओली आणि पानं दमट हवेत ठेवून वाढवतात. हवेत वाढलेलं पान पाण्याखाली चालत नाही. त्यामुळे झाड जुनी पानं सोडून देतं आणि पाण्याखालची नवी काढतं. घरी माशांची टाकी ठेवणारे याला मेल्ट, म्हणजे विरघळणं, म्हणतात. मुळं पांढरी आणि घट्ट असतील तर झाड जिवंत आहे. कृपया उपटू नका. सडलेली पानं तेवढी कात्रीने बुडाशी कापा.

नेहा, बी-४०२: सर, मेल्ट की मेलं? 😂

वाणी, ए-४०३: आमच्या विंगची लिफ्ट पण तीन दिवस मेल्टच आहे.

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय इथे नको. त्यासाठी वेगळा ग्रुप आहे.

वाणी, ए-४०३: त्या ग्रुपमधून तुम्हीच मला काढलंय.

भिरूड साहेब, ए-३०१: १,८५० चं बिल. धन्यवाद.

नेहा, बी-४०२: झाडं राहू द्या, मासे कधी सोडायचे? रविवारी लेकाचा वाढदिवस आहे, त्याच्या हातून दहा गप्पी सोडू म्हटलं.

महाजन सर, ए-१०२: नका सोडू हो. टाकी नवी आहे. सडक्या पानांतून अमोनिया सुटतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आज मासे सोडले तर वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मुलाला काय सांगणार?

नेहा, बी-४०२: बरं 😐 फुगेच लावते.

पाटील भाऊ, बी-१०१: चिमूटभर १९:१९:१९ खत सोडा पाण्यात. आठ दिवसांत तरारतील. ड्रिपमधून मी तेच देतो.

महाजन सर, ए-१०२: भाऊ, हात जोडतो. त्यात अमोनियाचं नत्र असतं. आधीच टाकीत तोच ताप आहे. शेवाळ मात्र तरारेल.

चौधरी काकू, बी-२०४: शेवाळ आलंय की. काचेवर बोट फिरवून नाव लिहिता येतं. लाइट रात्रभर चालू असतो, मी रोज बघते.

सेक्रेटरी: पाहुणे येतात, लॉबी जरा उजळ दिसते.

महाजन सर, ए-१०२: रोज सहा ते आठ तास पुरे. रात्री बंद म्हणजे बंद. मघाशी थर्मामीटर लावला, पाणी ३४ अंश आहे. या झाडांना २४ ते २८ बरं. बाहेर ४४ असताना एसी कोणी देणार नाही, पण झाकण उघडं ठेवून छोटा पंखा पाण्यावर सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र रोज थोडं आटेल, ते भरावं लागेल.

सोनवणे, बी-३०३: कोणतं पानी भरशात? टँकर तरी येऊ द्या.

महाजन सर, ए-१०२: वाघूर धरणाचं नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातं. आणखी एक. ते नेच्यासारखं लांब पानांचं झाड, जावा फर्न. त्याचा गड्डा वाळूत पुरलाय. उकरून पाहिला, निम्मा काळा पडलाय. तो पुरायचा नसतो, दगडाला दोऱ्याने बांधायचा. एवढा खोल कोणी लावला?

सेक्रेटरी: माळी म्हणतो, पाटील भाऊंनी सांगितलं. चार बोटं खाली घाल म्हणाले.

पाटील भाऊ, बी-१०१: कंद जमिनीतच असतो ना सर.

महाजन सर, ए-१०२: केळीचा.

सोनवणे, बी-३०३: कसाले वाद घाली राहिनात भो. मेहरूणच्या तलावातून घमेलंभर झाडं आणू, फुकट.

महाजन सर, ए-१०२: तलावातलं नको, सोबत गोगलगायी आणि त्यांची अंडी येतात. विकत घेतलेलंही धुऊनच घालायचं. पुढच्या वेळी नाजूक काही आणूच नका. वॅलिस्नेरिया आणा, आपल्याच नद्यांतलं गवत आहे, उन्हाळा सोसतं.

पाटील भाऊ, बी-१०१: दोरा माझ्याकडे आहे. संध्याकाळी येतो सर. काळा भाग कापून उरलेला बांधू.

महाजन सर, ए-१०२: या. ब्लेड नवं आणा.

भिरूड साहेब, ए-३०१: सगळ्यांचं वनस्पतिशास्त्र झालं असेल तर बिल. तिसऱ्यांदा मागतोय. सभासदाचा हक्क आहे.

सेक्रेटरी: [फोटो] घ्या. झाडं सहा नग, १,८५०.

भिरूड साहेब, ए-३०१: टाकीत पाच आहेत. मी मोजून आलोय. सहावा नग कुठे?

भिरूड साहेब, ए-३०१: उत्तर द्या.

भिरूड साहेब, ए-३०१: इथेच तर मेख आहे.

भिरूड वहिनी, ए-३०१: अहो, तो आपल्या बाल्कनीत आहे. मंगळवारी माळ्याने पानं गळाली म्हणून कचऱ्यात टाकला होता, मुळं चांगली दिसली म्हणून मी उचलून लोणच्याच्या बरणीत ठेवला. माठाशेजारी, सावलीत. मघाशी बघितलं तर मधून पिनेच्या डोक्याएवढा तपकिरी कोंब आलाय. सर, हे पान पाण्याखालचं का?

महाजन सर, ए-१०२: हो वहिनी. हेच ते. बरणी हलवू नका.

भिरूड साहेब, ए-३०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

वाणी, ए-४०३: साहेब, बरणीचं बिल? 🙏

सेक्रेटरी: टँकर गेटवर आलाय. ज्यांची पांढरी स्विफ्ट पाइपवर उभी आहे त्यांनी लगेच काढा.