जानेवारी संपला : काम, घाम आणि उरलेला वेळ

एक तारखेला जो तो संकल्प सांगत सुटतो. एकतीस तारखेला मात्र कोणी कोणाला काही विचारत नाही. म्हणून आज विचारतोय. जानेवारी कसा गेला? कामाचं काय झालं, अंगाला काय मिळालं, आणि चार निवांत घटका सापडल्याच तर त्यांचं काय केलंत? किलो आणि किलोमीटर लिहायलाच हवेत असं नाही. जिमला नाव घातलं म्हणजेच व्यायाम झाला असंही धरू नका. या थंडीत सगळ्यात जास्त राबणाऱ्या माणसांनी डंबेल हातातही धरलेलं नसतं. काम, व्यायाम, विरंगुळा असे तीन कप्पे पाडता आले तर पाडा, नाही तर सरमिसळ लिहा. गाव आणि धंदा तेवढा सांगा.

निफाड, द्राक्षबाग

आमचा जानेवारी थर्मामीटरवर चालतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला हे सकाळी बातमीत येतं. शहरातले लोक ते वाचून 'मस्त गारठा' म्हणतात, आणि आम्ही ती रात्र बागेत काढलेली असते. ऑक्टोबर छाटणीच्या घडांमध्ये या दिवसांत पाणी उतरत असतं, आणि नेमकी तेव्हाच थंडी वाढली की मणी तडकतात. मग पहाटे बागेत जागोजाग शेकोट्या पेटवायच्या. जाळापेक्षा धूर महत्त्वाचा. ठिबकने विहिरीचं पाणी सोडायचं, कारण ते बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रपाळीची असते याला एरवी आम्ही शिव्या घालतो. या महिन्यात तीच सोयीची पडते.

दुसरं दुखणं पिंक बेरीचं. दिवसा ऊन आणि रात्री कडाका असला की हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक येते आणि तो माल निर्यातीला चालत नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक घडाला पेपर गुंडाळायचा. प्रत्येक! पेठ-सुरगाणा तालुक्यांकडच्या बायांच्या टोळ्या येतात. मांडवाखाली मान वर, हात वर, असं दिवसभर. माझा मुलगा नाशिकला संध्याकाळी जिममध्ये जाऊन खांद्याचा व्यायाम करतो. त्याला म्हटलं, दोन दिवस घरी ये, खांदे इथेच करू. तो हसला. पण शनिवारी आला.

विरंगुळा म्हणाल तर पहाटे चारची शेकोटी. आजूबाजूच्या बागांतले चार-पाच जण एकाच जाळाला येऊन बसतो, ओला हरभरा भाजून हुळा खातो आणि व्यापारी यंदा काय भाव काढेल यावर वाद घालतो. वादाचा निकाल कधीच लागत नाही.

ठाणे, बँकेत नोकरी

माझे तीन कप्पे स्वच्छ पडतात, कारण महिन्याचा तिसरा रविवार. मुंबई मॅरेथॉन. २००४ साली ही शर्यत सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते आणि वडिलांचं बोट धरून बघायला गेले होते. अर्धी मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, माहीमच्या रेतीबंदरहून अंधारात सुटते. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी जायला बंदी आहे, दुचाकीलाही. त्या पुलावर दोन्ही बाजूंना काळं पाणी आणि कानावर फक्त हजारो बुटांचा आवाज, एवढ्यासाठी मी दरवर्षी नाव नोंदवते. वेळेचं मला फार कौतुक नाही.

पेडर रोडचा चढ मात्र दरवर्षी जास्त लांब वाटतो. तिथेच लोक उभे असतात: संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ, आणि 'अगं, आता उतारच आहे!' असं ठोकून देणाऱ्या आजी. उतार लगेच नसतो. पण आजींना कोण सांगणार?

शर्यतीआधी पंधरा दिवस पळणं कमी करायचं असतं, नेमके तेच दिवस बँकेत डिसेंबर तिमाहीच्या आकड्यांचे. त्यामुळे दोन्हीचं आपोआप जमतं. शर्यतीनंतर मी उरलेला महिना एक पाऊलही पळाले नाही, गिरगावात मिसळ खाल्ली, आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

नागपूर, परिचारिका

रात्रपाळी. घड्याळातली पावलं इतकी झाली की मैत्रिणीला वाटलं मी ते घड्याळ कुत्र्याच्या गळ्यात बांधलं. विरंगुळा: दुपारची झोप. संत्री चांगली मिळाली यंदा.

कोल्हापूर, लग्नाचा आचारी

पौष लागला की आमच्याकडं मुहूर्त नाहीत, म्हणजे कार्यालयं रिकामी आणि आम्ही घरात. मार्गशीर्षात रात्री दोनला उठून जिलेबीचं पीठ बघायचं, आणि पौषात सकाळी आठला उठून काय करावं ते कळत नाही. पहिले चार दिवस बायको खूश असते. पाचव्या दिवशी तीच विचारती, 'तुम्ही बाहेर कधी जाणार?'

मग कामं काढायची. मोठी पातेली, पराती, झारे मोजायचे. पितळी भांड्यांना कल्हई लावून घ्यायची. कल्हईवाला आता शोधावा लागतो, पूर्वी गल्लीत हाक मारत यायचा. माघातल्या लग्नांच्या याद्या याच दिवसांत ठरतात. मुलीकडचे आता मसालेभाताबरोबर पास्ता मागतात. करतो. पैसे देतात तर करायचाच की.

व्यायाम तालमीत. वय झालं, कुस्ती नाही, पण जोर-बैठका सुटलेल्या नाहीत. हौद्यातली माती नवी करायची म्हणजे त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती फावड्यानं उलटीपालटी करायची. ह्याच्याएवढा घाम कुठल्या मशिनवर निघतो ते मला दाखवा. पोरं आता मॅटवर जास्त असतात, स्पर्धा मॅटवर होतात म्हणून. त्यांचं बरोबर आहे. तरी मातीचा वास घेतल्याशिवाय मला जेवण जात नाही.

आणि विरंगुळा ह्या गावात एकच: फुटबॉल. बाहेरच्यांना वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि तांबडा रस्सा. हंगामात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ ह्या संघांची मॅच असली की पेठा रिकाम्या होतात. मी कुठल्या पेठेचा ते सांगत नाही, लग्नाच्या ऑर्डरी दोन्हीकडनं येतात. गोल झाला की कुठं ओरडायचं नाही हे मी धंद्यातनं शिकलोय.

डोंबिवली, घरगुती पोळ्यांचा व्यवसाय

आचारीभाऊ, तुमचा पौष रिकामा आणि माझा तुडुंब! डिसेंबर संपत आला की गुळाच्या पोळ्यांच्या ऑर्डरी सुरू होतात. चिक्कीचा गूळ चालत नाही, साधा पिवळा गूळ किसून घ्यायचा. त्यात भाजलेल्या तिळाचं कूट, खसखस आणि तेलावर खमंग भाजलेलं बेसन. पोळी कडेपर्यंत लाटायची. कड कोरडी राहिली की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही. गूळ फुटून तव्यावर आला तर तवा पुसून घ्यायचा, नाहीतर पुढच्या सगळ्या पोळ्यांना जळका वास.

डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं असतात, तेव्हा हा प्रश्न सुटतो. जुन्या इमारती, लिफ्ट नाही, तीन-तीन जिने. काळी साडी सावरत चढायचं, तिळगूळ घ्यायचा, वाण घ्यायचं, उतरायचं, शेजारच्या इमारतीत पुन्हा चढायचं. चढून जे जातं ते तिळगुळाने परत येतं, हे मला माहीत आहे, कृपया कोणी सांगू नये. वाणात यंदा प्लास्टिकचे डबे कमी आणि कापडी पिशव्या जास्त होत्या. मी गव्हल्यांची पाकिटं लुटली. भाचीच्या बाळाचं बोरन्हाण झालं, हलव्याचे दागिने घातलेलं ते बाळ मुकुटच चाटत बसलं. ती दुपार महिन्यातली सगळ्यात छान.

मूळ रत्नागिरी, सध्या जहाजावर, मरीन इंजिनिअर

आमच्याकडे तारीख असते, वार नसतो. बारा ते चारची वॉच माझी, दिवसाही आणि रात्रीही. इंजिन रूममध्ये चाळीसच्या वर तापमान आणि शिड्याच शिड्या. तळातल्या बिल्जपासून वरच्या धुराड्यापर्यंत चढ-उतार केली की वेगळं पायांचं काही करावं लागत नाही. जहाजावर छोटी जिम आहे. उत्तर अटलांटिकमध्ये जानेवारीत जहाज डोलतं तेव्हा ट्रेडमिलवर एक क्षण चढ असतो आणि दुसऱ्या क्षणी उतार, पेडर रोडवाल्या ताईंनी एकदा येऊन बघावं. मी त्या दिवसांत खाली बसून करायचेच व्यायाम करतो.

इथे विश्रांतीसुद्धा नोंदवहीत लिहावी लागते. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्याहत्तर, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि बंदरात तपासणीला येणारे ती नोंद बघतात. घरी आई म्हणते, 'अरे, आराम कर जरा.' मी म्हणतो, आई, आरामाची सही केली.

विरंगुळ्याला टेबल टेनिस, कॅरम आणि फिलिपिनो सहकाऱ्यांचं कॅरिओके. ते लोक खरोखर सुरेल गातात. संक्रांतीला कुकला तीळ मिळाले नाहीत. आईने बॅगेत घातलेली तिळाची वडी मी डिसेंबरातच संपवली होती, मग शेंगदाण्याची केली. मेसमध्ये सगळ्यांना वाटली, 'गोड बोला'चा अर्थ सांगितला. चीफ इंजिनिअर म्हणाला, दुरुस्ती चालू असेल तेव्हा हे लागू नाही.

लातूर जिल्हा, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका

तीन जानेवारी सावित्रीबाई, बारा तारीख जिजाऊ आणि विवेकानंद, सव्वीसला झेंडा, आणि मध्ये स्नेहसंमेलन. शिष्यवृत्तीचे जादा तास वेगळे. शिकवायचं कधी, असं आम्हीच एकमेकींना विचारतो. लेझीम बसवायची माझ्याकडे असते. मुलांना एकदा करून दाखवायची म्हणजे आपल्याला वीसदा करावी लागते, आणि त्यातली निम्मी वाकून. स्नेहसंमेलनापर्यंत माझी कंबर मोकळी झाली. औषधाने वर्षभर झाली नव्हती.

येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावास्या, यंदा डिसेंबरातच झाली, भज्जी-आंबिलीचं जेवण मागेच पडलं. पण हुरडा जानेवारीचाच. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून खायची, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. पुण्याजवळ म्हणे हुरडा पार्टीला माणशी पैसे घेतात आणि बैलगाडीची फेरीही देतात. आमच्या वर्गातल्या एका पोरीने शेतातून डबाभर आणला आणि सगळ्या शाळेला चिमूट-चिमूट वाटला. गणिताच्या तासाला. मी वाटण्याचंच उदाहरण घातलं.

सांगली, कर सल्लागार

अकरा, वीस, एकतीस. जीएसटीचं एक विवरण, जीएसटीचं दुसरं विवरण, टीडीएस. व्यायाम नाही, विरंगुळा नाही, आणि आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. निफाडकर, पेपर गुंडाळायला रद्दी लागत असेल तर कळवा, ऑफिसात भरपूर आहे. मात्र वाहतूक तुमची, आणि बिल पक्कं घ्या.