बंदर चालवायचा खर्च राज्य सरकार देतं का?

शिवडीकर:
नमस्कार मंडळी, पालघरच्या वाढवण बंदराबद्दल वाचत होतो, 76,220 कोटींचा प्रकल्प, त्यात 74 टक्के जेएनपीएचे (न्हावाशेवाचं बंदर) आणि 26 टक्के महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचे, म्हणजे राज्याचा वाटा आलाच ना? मग उद्या बंदर सुरू झालं की पगार, गाळ काढणं, टग (जहाजं ओढणाऱ्या बोटी), दिवाबत्ती हा रोजचा खर्च पण राज्याच्या तिजोरीतून जाणार का? वडील बीपीटीत, म्हणजे मुंबई बंदरात, क्रेनवर होते, ते म्हणतात मंत्रालयातून गोदी चालवायला पैसे येत नाहीत, गोदी आपल्या कमाईवर चालते. खरंय का? घरी रोज जेवताना यावरून वाद होतोय.

हिशेबनीस:
वडील बरोबर बोलतायत. मुंबई आणि जेएनपीए ही मेजर पोर्टं, ती केंद्राच्या अखत्यारीत. रोजचा खर्च बंदर स्वतःच भागवतं, जहाज धक्क्याला लागलं की बर्थचं भाडं, पायलट (जहाज आत आणणारा) आणि टगचे पैसे, मालावर व्हार्फेज म्हणजे धक्का वापरायचं शुल्क, शिवाय मुंबई बंदराची कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत एवढी जमीन आहे तिचं भाडं वेगळंच. 2021 च्या कायद्याने पोर्ट ट्रस्टचं प्राधिकरण झालं, त्याच्या बोर्डावर राज्य सरकारचा एक माणूस असतो, पण म्हणून राज्याने खर्च उचलायचा असं काही नाही.
वाढवणचे 26 टक्के म्हणजे बंदराच्या कंपनीतलं भांडवल, रोजचा खर्च नाही. टर्मिनलं पीपीपीवर, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारीत, खासगी कंपन्या चालवणार आणि बंदराला त्यातला वाटा देणार, जेएनपीएत आज असंच चालतं.

शिवडीकर:
धन्यवाद दादा, बाबांना वाचून दाखवलं, खूश झाले. मग राज्य सरकारचं बंदरांत काहीच नसतं का?

अलिबागची_सून:
असतं ना! जुन्या मोजणीने 720 किलोमीटर किनारा आहे आपला आणि त्यावरची लहान बंदरं सगळी राज्याची, त्यासाठीच 1996 मध्ये मेरिटाइम बोर्ड काढलं. आणि खरा प्रश्न इथेच आहे. जयगड, धरमतरला कोळसा-लोखंडाची वाहतूक आहे, तिथे कंपन्या स्वतः पैसा घालतात. पण जिथे फक्त माणसं चढतात-उतरतात त्या धक्क्याला कमाई ती किती?
माझं सासर खाडीपलीकडे. गेल्या माघात सासूबाईंना मुंबईत जेजे हॉस्पिटलात दाखवायला आणायचं होतं, सकाळी साडेसातला धक्क्यावर गेलो तर पूर्ण ओहोटी, लाँच धक्क्यापासून लांब गाळात टेकलेली, तांडेल बांबू घालून खोली बघतोय, गुडघाभरसुद्धा पाणी नाही. अडीच तास बसलो, सासूबाई थंडीत शाल गुंडाळून मासळीच्या टोपलीवर बसल्या होत्या, नंबर गेला तो गेलाच. धक्का नवा आहे, वर पत्र्याची शेड आहे, बाकडी आहेत, पण खालचा गाळ कोणी काढत नाही. बांधायला पैसे मिळतात, केंद्राच्या सागरमाला योजनेतून पण मिळतात, दरवर्षी गाळ काढायला कोण देणार?

गोदीपुत्र:
ताई अगदी बरोबर, पण राज्याने प्रत्येक धक्क्याला पैसे ओतत बसायचं हे मला पटत नाही. तिकिटातून वसूल करा की, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट जाते तिथे लोक गाडीचे पैसे देतातच ना.

अलिबागची_सून:
रो-रोत गाडी घालणारा देईल हो. कोळणी पाट्या घेऊन येतात, कॉलेजची पोरं येतात, त्यांनी पण तेवढंच द्यायचं? एसटी तोट्यात गेली तर सरकार हात देतं, मग पाण्यावरचा प्रवासी परका का?

हिशेबनीस:
या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने. गाळ एकदा काढला की संपलं असं होत नाही, खाडी दर पावसाळ्यात परत आणून टाकते. म्हणून हा खर्च बांधकामात धरून भागत नाही, पगार-विजेसारखा दरवर्षीचा धरला पाहिजे, आणि ज्या धक्क्याला मालाची कमाई नाही तिथे तो राज्याच्या बजेटमधूनच यायला हवा.
ताई, एक करा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, गाळ शेवटचा कधी काढला, किती घनमीटर, पैसे बजेटच्या कुठल्या हेडमधून गेले आणि पुढच्या वर्षी किती ठेवलेत, एवढे चारच प्रश्न. सोबत ओहोटीचे फोटो ठेवा, तारीख आणि वेळ दिसेल असे, आमदारांकडे गेलात तरी उपयोगी पडतील.

अलिबागची_सून:
फोटो आहेत माझ्याकडे, त्याच दिवशीचे. अर्जाचा मसुदा इथेच टाकते रविवारी, चुकलं तर सांगा.