सहसंबंध म्हणजे कारण नव्हे
नागपुरात मे महिन्यात कूलरची विक्री आणि उष्माघाताचे रुग्ण सोबतच वाढतात, म्हणून त्यांच्यात ‘ऊर्जेचे नाते’ असावे, असे कुणी म्हणते, तेव्हा ते पटत नाही. दोन्हींच्या मुळाशी ४५ अंशांवर जाणारा पारा आहे. दोन गोष्टी कितपत सोबत बदलतात हे सांगणारा आकडा, म्हणजे नेहमीचा सहसंबंध गुणांक, −१ ते +१ यांच्या दरम्यान राहतो आणि केवळ सरळ रेषेतले नाते मोजतो. तो कारण सांगत नाही, आणि तो शून्य आला तरी वक्र स्वरूपाचे घट्ट नाते असू शकते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ऊर्जेचे म्हणाल, तर २०० वॅटचा कूलर ५ तास चालला की मीटरवर १ युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचे एकक), चढते; ऊर्जा अशी मोजता येते. वास्तूतील ‘सकारात्मक ऊर्जा’ कुणाला जाणवत असेल, तर खुशाल जाणवो; मात्र तिला भौतिकशास्त्राचा आधार आहे म्हणणाऱ्याने ती किती ज्यूल भरते, हेही सांगावे.